देवीच्या साडीवरची झोप

मी काही फार मोठी भक्त नाही. मंगळवार धरते, तोही सवयीनं. त्यात गेली दोन वर्षं तर देवीवर माझा रागच होता. आमच्या ह्यांना कंपवात झाला, डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. हात थरथरणं, पाय घासत चालणं आम्ही पचवलं. झोपेचं मात्र पचलं नाही. उभा जन्म एसटी चालवलेला माणूस, झोपेत "व्हा बाजूला" म्हणून ओरडायचा आणि ब्रेक दाबावा तसा पाय झाडायचा. तो पाय माझ्या बरगडीत बसायचा. उरलेली रात्र ते लाकडासारखे पडून असायचे, कूस बदलायची तरी मला हाक. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. मी मात्र चुलीपुढं उभी.

जाऊबाई म्हणाल्या, गाडीवर असताना वाटेत काहीतरी लागलं असेल. सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. धाराशिवच्या डॉक्टरांना हात दाखवला, पाय दाखवला, झोपेतलं ओरडणं तेवढं लपवलं. बाधेचं काय दवाखान्यात सांगायचं? उशाशी अंगारा ठेवला, दंडाला दोरा बांधला. काही उपयोग झाला नाही. एकदा वैतागून मी त्यांचा पाय उपरण्यानं बाजेला बांधून टाकला. सकाळी घोट्यावर वळ होता. 

त्याच आठवड्यात आम्ही येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला गेलो. येडाईपुढं हात जोडले आणि मनात होतं ते मागून टाकलं. आई, आता ह्यांना ने. त्यांनाही सुटू दे आणि मलाही. मागितलं खरं, पण पायऱ्यांवर ह्यांच्याजवळ येऊन बसले आणि रडू आवरेना.

शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई टेकल्या होत्या. ह्यांच्या थरथरत्या हाताकडं बघत त्यांनी विचारलं, "रातच्याला कूस वळती का त्यास्नी?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांचे सासरे ह्याच दुखण्यानं आठ वर्षं घरात होते. मी त्यांना रात्रीचं सगळं सांगितलं, अगदी उपरण्यासकट. त्यांनी बोल लावला नाही. झोपेत ओरडणं ह्या दुखण्यातच येतं, डॉक्टरांपासून काही लपवू नका, दिवसा फार झोपू देऊ नका, अंथरूण जमिनीवर घाला, असं त्या निवांत सांगत राहिल्या. मग पिशवीतून नुकतीच प्रसादाची मिळालेली देवीची साडी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही त्यांच्या अंगाखाली आथरा. गुळगुळीत हाय, कूस वळायला सोपं जातंय."

मी दचकलेच. देवीची साडी आणि अंगाखाली?

"लेकराला आईच्या लुगड्यावरच निजवत्यात की," त्या म्हणाल्या आणि त्यांची गाडी लागली म्हणून उठल्या. मी नावही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आधी का सांगितलं नाही म्हणून रागावले, गोळ्यांच्या वेळा बदलल्या. त्या रात्री मी जमिनीवर गादी घालून वर साडी अंथरली. पहाटे दचकून जागी झाले, कारण हाक आली नव्हती. ते भिंतीकडं तोंड करून झोपले होते. आपले आपण वळले होते. मी तिथंच बसून राहिले.

दुखणं गेलेलं नाही, जाणारही नाही. अजून अधूनमधून रात्री त्यांची एसटी सुटतेच. पण तीन-चार तास सलग झोप लागते, मलाही लागते. मागणं मात्र माझ्या मनाला टोचत राहिलं. एक दिवस त्यांची दाढी करता करता मी सांगून टाकलं, येरमाळ्याला देवीकडं काय मागितलं ते. त्यांचे ओठ हलले. हल्ली त्यांचा आवाज फार बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो.

"म्याबी त्या दिवशी तेच मागितलं हुतं," ते म्हणाले.

आईनं दोघांचंही ऐकलं नाही, हे केवढे उपकार. आता मी तिच्यापुढं काही मागत नाही. नुसती उभी राहते, आणि ती देईल तेवढं पदरात घेऊन घरी येते.