चौकडीच्या कापडावरच्या लाटा

भिवंडीत निजामपुऱ्यातल्या छापखान्यात केसरीनाथ भोईरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीस वर्षं ऑफसेट मशीन चालवलेला माणूस, खिशात कायम भिंग. रंगीत चित्र म्हणजे नुसते चार रंगांचे ठिपके, प्रत्येक रंगाच्या रांगा वेगळ्या कोनात तिरक्या, हे तो येईल त्याला भिंगातून दाखवायचा. कॉम्प्युटरवर बसणारी मेघाली म्हणायची, "काका, आता ठिपके विखरूनपण छापतात. रांगच नसते."

"ती छपाई न्हाय पोरी, सांडलेली रांगोळी."

मार्चमध्ये लूमवाल्या भूपेशशेठच्या बारीक चौकडीच्या कापडाचा कॅटलॉग छापायला आला. पहिला कागद बाहेर पडला तो कापडाच्या चित्रावर लाटा घेऊनच. केसरीनाथनं भिंग लावलं. धाग्यांच्या रांगा आणि ठिपक्यांच्या रांगा एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या, त्यातूनच लाटा उठत होत्या. दोष छपाईचा, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. पण समोर शेठ, शेजारी मालक, आणि जन्मभराची ऐट. "कापडातच खोट हाय, शेठ," तो बोलून गेला. "डोळ्याला दिसत न्हाय, पण कॅमेरा सोडत न्हाय. वीण ढिली पडलीय."

कापड शेठकडे मोरू चालवायचा त्या लूमवरचं होतं. मोरू त्याच्याच गावचा, वज्रेश्वरीकडचा; त्याला शेठकडे चिकटवला होता केसरीनाथनंच. आठवड्याभरात शेठनं मोरूला काढलं. ते ऐकल्यापासून केसरीनाथला घास गोड लागेना, पण तोंडही उघडेना.

मग मेघालीनं तेच चित्र विखुरलेल्या ठिपक्यांत काढून नव्या प्लेटा बनवल्या. कापड स्वच्छ उमटलं. दोन्ही कागद तिनं त्याच्यासमोर ठेवले आणि पुन्हा कॉम्प्युटरवर जाऊन बसली. लाजेनं त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन तो पडघ्याला गेला. मोरू तिथं एका गोडाऊनमध्ये खोकी उचलत होता. डोळ्यांवर नवा चष्मा.

"डॉक्टर बोलला, डोळं ठीक हायत," मोरूनं सांगितलं. "पण तुम्ही बोललात म्हंजे नजरंत खोट असंलच, दादा, म्हून चष्मा घेतला. दुसऱ्या शेठनं लूमवर बोलावलं व्हतं. मीच न्हाय गेलो. लोकांचं कापड कशाला बिघडवू?"

केसरीनाथला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. त्यानं खोक्यावर कागद पसरले, भिंग मोरूच्या हातात दिलं. "लाटा माझ्या छपाईच्या व्हत्या. मला तवाच कळलं व्हतं."

मोरूनं चष्मा काढला आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं. "चष्म्याबिगर एकेक ठिपका सुटा दिसतो मला," तो हळूच म्हणाला. मग भिंग परत करत त्यानं विचारलं, "हे भूपेशशेठला सांगितलंत?"

"न्हाय."

"मंग आधी तिकडं जायचं व्हतं."

या वेळी तो दादा म्हणाला नाही. केसरीनाथनं कागद गुंडाळले आणि मान खाली घालून शेठकडे जायला भिवंडीची रिक्षा धरली.