चढावर थांबलेली जीप

इतकी वर्षं उलटली, नोकरी संपली, पण त्या जीपचं प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमचं ठाणं अकोल्याच्या हद्दीत होतं. मी नवा फौजदार. कुटुंब दूर खानदेशात, आणि मी ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटा.

एका दुपारी जमादारांनी वर्दी आणली. एका सरकारी दवाखान्याची जीप बाळंतपणात अडलेल्या बाईला घेऊन अकोल्याला निघाली होती. मेडशी सोडल्यावर चढाला इंजिन तापलं आणि बंद पडलं. ड्रायव्हरने दोनदा पाणी ओतलं, पण गाडी हलली नाही. मागून ट्रक येईपर्यंत बाई गेली होती, पोटातलं मूलही गेलं होतं. मी आकस्मिक मृत्यूचा मर्ग दाखल केला, पंचनामा केला आणि जीप ओढून ठाण्याच्या आवारात लावली.

बाईची आई त्या वेळी गाडीतच होती. ठाण्यात जबाबावर अंगठा घेतला तरी ती उठेना.

"मले कोनाले फाशी नाई द्याची, साहेब," ती म्हणाली. "गाडी काहून थांबली, येवढंच सांगा."

तिसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्याने खबर दिली. घटनेच्या दोन दिवस आधी ती जीप गावातल्या मिस्त्रीकडे उभी होती, आणि मिस्त्रीचं नि ड्रायव्हरचं जोरात भांडण झालं होतं. रागाच्या भरात मिस्त्रीनेच इंजिनात काहीतरी केलं, असं गाव बोलत होतं.

हा मिस्त्री फौजेतून परतलेला, चाळिशीचा माणूस. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बौद्ध. पेट्रोल गाडीचं काम त्याच्याइतकं तालुक्यात कोणाला येत नसे. लोक गाडी आणत, बाहेर लिंबाखाली उभे राहून काम करून घेत आणि जात. त्याच्या घरचं पाणी मात्र फार थोडे पीत.

दोन दिवस मी त्याची चौकशी केली. भांडण झालं, हे त्याने लगेच कबूल केलं. कशावरून झालं, ते सांगेना. "मी गाडी खराब नाई केली," एवढंच म्हणे. खोटं बोलणारा पोलिसासमोर सहसा फार बोलतो. गप्प बसणारा पुष्कळदा दुसऱ्या कोणाला तरी सांभाळत असतो. हे मी पुढे शिकलो. तेव्हा मी नुसता आवाज चढवत होतो.

मग त्याच्या खोलीची झडती घेतली. खाट, बुद्धाची तसबीर, स्टोव्ह, आणि धुऊन पालथे घातलेले दोन कप. एकट्या माणसाच्या घरी दोन कप कशाला, असं मी विचारलं. त्याने एक कप उचलून सुलटा ठेवला. मग म्हणाला, दुसरा ड्रायव्हरचा. रोज संध्याकाळी ड्रायव्हर येऊन त्या खाटेवर बसे, चहा घेई. साऱ्या गावात तेवढा एकच माणूस येत होता.

"माह्या तोंडून काई वदवू नका, साहेब," तो म्हणाला. "गाडी आना. मी लाईट लावतो. तुमी तुमच्या डोयानं पाहा."

संशयिताच्याच हाती गाडी देणं बरोबर नव्हतं, म्हणून मी मंगरूळपीरहून दुसरा एक मेकॅनिक पंच म्हणून बोलावला. जीप पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली, दाराला पोती टांगून अंधार केला. मिस्त्रीने ट्रंकेतून पिस्तुलासारखं एक यंत्र काढलं. फौज सोडताना विकत घेतलेली टायमिंग लाईट. दोन चिमटे बॅटरीला, एक वायर पहिल्या प्लगला. गार झालेलं इंजिन आता सुरू झालं. लाईट लपलपू लागली, आणि गरगर फिरणाऱ्या पुलीवरची त्याने ओढलेली खडूची रेघ जागच्या जागी उभी राहिलेली दिसली. जिथे हवी तिथून पुष्कळ मागे.

मंगरूळपीरच्या मेकॅनिकने पाहून सांगितलं, टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, मुद्दाम मागे घेतलंय आणि कार्ब्युरेटरचा स्क्रूही फिरवलाय. टायमिंग जिथून फिरवतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टवर पकडीचे ताजे ओरखडे होते. मिस्त्री तर पान्याशिवाय बोल्टला हात लावत नसे. मग त्या मेकॅनिकने कार्ब्युरेटरची वाटी उघडली, वास घेतला आणि माझ्या नाकापुढे धरली. रॉकेल.

त्याने समजावलं ते असं. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की इंजिन ठोकायला लागतं. टायमिंग मागे घेतलं की तो आवाज दबतो, दवाखान्यात कोणाला शंका येत नाही. पण गाडीची ताकद जाते, इंजिन तापतं. सपाट रस्त्यावर ते कळत नाही, चढाला कळतं. हे सगळं चालू असताना मिस्त्री लाईट हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ड्रायव्हरला बोलावून मी त्याच्याच गाडीतली पक्कड टेबलावर ठेवली. त्याने कबूल केलं. टाकीतलं पेट्रोल काढून विकायचं आणि रॉकेलने भर करायची, असं त्याचं चाललं होतं. टायमिंग मागे घ्यायला मिस्त्रीने नकार दिला, तेच ते भांडण. मग ड्रायव्हरने स्वतःच पक्कड लावली.

"चढावर गाडी दगा देईन, असं त्यानं मले सांगतलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "मी आयकलं नाई."

पेट्रोलचा नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवला, अहवाल तसाच आला. ड्रायव्हरला शिक्षा झाली. मी त्या आईच्या गावी जाऊन गाडी का थांबली ते सांगितलं. "आपल्या चिमनीच्या दिव्यात जयते, तेच रॉकेल?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती उठून आत गेली.

कोर्टात मिस्त्रीने ड्रायव्हरविरुद्ध साक्ष दिली. त्यानंतर बाकीचे ड्रायव्हर गाड्या मंगरूळपीरला नेऊ लागले. माझ्या बदलीचा हुकूम आला तेव्हा मी त्याला भेटायला गेलो. तुम्ही गप्पच राहिला असता तर आज तुम्ही आत असता, असं मी म्हणालो. मला वाटलं, त्याला धीर येईल.

"मी आत असतो, तं तो मले भेटाले आला असता," तो म्हणाला.

मी विचारलं, तुम्ही गेलात का त्याला भेटायला?

"दोनदा गेलो. तो भाईर आला नाई."

आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. क्वार्टरवर माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं, तरी थोड्याच वेळात मीच काम असल्याचं सांगून उठलो.

आरोपीने काय गमावलं ते निकालपत्रात येतं. साक्षीदाराने काय गमावलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. पुढच्या सगळ्या नोकरीत निकाल लागला की मी मुख्य साक्षीदाराच्या घरी एकदा जाऊन येत असे. तपासाचं काही काम नसे. जायचं, बसायचं, आणि घाईने उठायचं नाही.