पांढरा खरवस

शेवंताबाईनं वाटी पुढं केली. "घ्या डाक्टर. तांबडी व्यालीया."

बहात्तरचा दुष्काळ. माळशिरस तालुक्यातल्या जनावरांच्या छावणीवर मी व्हेटर्नरी डॉक्टर होतो. माणसांच्याच पोटाची मारामार, पण गाय व्याली की चिकाचा खरवस शेजारी वाटायचा, ही रीत बाईनं मोडली नव्हती.

मी वाटीत पाहिलं आणि हात आखडला. खरवस पांढराफटक होता.

"म्हशीचा आहे का?"

"म्हस कुटनं आणू? दोन गाया हायत, बास."

गाईचा चीक पिवळाधमक असतो. तो रंग कॅरोटीनचा. हिरव्या पाल्यात तो दडलेला असतो, गाईच्या पोटातून दुधात उतरतो. त्यापासूनच शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, आणि त्यावर नजर चालते. गाईचा चीक पांढरा, म्हणजे तिच्या अंगात काही उरलेलंच नाही.

वासरू बघायला गेलो. टपोरे डोळे. समोर झटकन बोट नेलं. पापणी हलली नाही.

"दिसत न्हाय व्हय त्याला? औषीद द्या की."

व्हिटॅमिनविना आईच्या पोटातच हाड वेडंवाकडं वाढून नजरेची शीर दबली, की पुढं औषध चालत नाही. सांगवत नव्हतं, तरी सांगितलं. बाई दुसऱ्या गाईकडं बघत म्हणाली, "आन् हिचं?"

तिची पांढरी गाय पाच महिन्यांची गाभण होती.

मी तडक छावणीच्या साहेबांकडं गेलो.

"पोटभर चारा देतोय आपण, डॉक्टर."

"वाळका कडबा आणि साखर कारखान्याची उसाची चिपाडं. हिरवी काडी नाही, साहेब."

"मग वर काय कळवू? खरवस पांढरा झाला म्हणून?"

"तेच कळवा. नाहीतर चला, वासरापुढं स्वतः बोट धरा."

साहेब आले. बोट धरलं. तसेच जीपमध्ये बसले आणि श्रीपूरच्या कारखान्याकडं गेले. तिथल्या विहिरींवरचा हिरवा लसूणघास येऊ लागला, फक्त गाभण गाईंपुरता, मूठ मूठ. व्हिटॅमिनची इंजेक्शनं मी सोलापूरहून भांडून आणली.

चार महिन्यांनी पांढरी व्याली. नव्या वासरापुढं मी बोट नेलं. त्यानं दचकून मान मागं घेतली. शेवंताबाई रडली.

पोट भरलं म्हणजे भागलं, हा कागदावरचा हिशेब. जनावराच्या अंगात तो चालत नाही.

बाईनं वाटी आणली. खरवस पिवळा होता. मी खात होतो, तेव्हा तांबडीचं वासरू आईच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजामागं चाचपडत आलं आणि माझ्या गुडघ्यावर आदळलं.