काकांना कळलं तर

नेरूळच्या बागेत रोज सकाळी ती मुलगी धावायला यायची आणि मी डॉक्टरांच्या धाकाने चालायला. तिला लष्करी अकादमीत जायचं होतं. पण अकरावीत ती गणितात नापास झालेली, आणि प्रवेशपरीक्षेत गणित टाळता येत नव्हतं. धावून झालं की ती माझ्या बाकापाशी यायची, बुटाच्या टोकाने मातीत त्रिकोण काढायची आणि मला गणित समजावायची.

"अगं, मीच का?" मी एकदा विचारलं.

"काका, तुमाला कळलं ना, तर मला नक्की येतं. मग टेन्शन नाय."

हा अपमान मी आनंदाने सोसला. उगाच मान डोलावली की ती डोळे बारीक करायची. "खोटं! परत सांगते." न लाजता 'कळलं नाही' म्हणणारं कुणीतरी तिला हवं होतं, आणि त्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही. तिचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

परवा ती धावत आली ती बाकाभोवती फेऱ्याच मारू लागली. "काका, सिलेक्शन झालं! निघाले मी अकादमीत!"

"आणि गणित?"

"सगळ्यात जास्त मार्क गणितातच!"

मी बाकावर चढून असा काही ओरडलो, की पलीकडचा हास्य क्लब हसायचा थांबला.