मीठ कमी हाय

मी माझ्या जावेवर जळते. हे असं सरळ सांगितलं की आमच्या नाटकमंडळातल्या बायका "इश्श, काहीतरीच काय!" म्हणतात. काहीतरी नाही, जळतेच. इतकी वर्षं शाळा सांभाळून, मुलांचे डबे करून मी हौशी नाटकात काम करतेय, आणि अभिनयाचं पदक एकदाही घरी आलेलं नाही. प्रमाणपत्रं आली. ती कपाटाच्या वर पडली आहेत.

जावेला नाटकात मीच आणलं. मूळची ती काटोलची. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हापासून तिची एक सवय मला छळते. वाक्य अर्धं बोलते आणि कामाला लागते. एकदा मी शाळेतून येऊन चपला काढतेय, तर ही कणीक मळत म्हणाली, "ताई, दवाखान्यातून फोन आला होता…" आणि परातीत पाणी घालायला लागली. माझे सासरे तेव्हा तपासणीला गेलेले. माझा जीव टांगणीला. हिचे हात आपले चालू. सावकाश गोळा उलटून म्हणाली, "…बाबाचा चष्मा तयार आहे म्हणे." त्या दिवशी परातच उचलून भिरकावावी असं झालं होतं मला.

आमच्या नव्या नाटकात शेजारणीचं एक छोटं काम होतं. कोणी मिळेना, म्हणून दिग्दर्शकांना मी म्हटलं, घरात एक आहे, उभी राहील. विहाराच्या वरच्या हॉलात तालीम चालायची. कूलरचा आवाज इतका की मी ओरडूनच बोलायची. आणि ही पहिल्याच दिवशी तिथं हळू बोलली तर दिग्दर्शकांनी स्वतः उठून कूलर बंद केला! माझ्यासाठी कधी केला होता का?

नाटक साधं होतं. एक म्हातारी आई, बाहेरगावी राहणारा मुलगा, शेजारीण. आई मी. आई मरते, मुलगा उशिरा पोचतो, आणि शेवटच्या प्रवेशात मेथी निवडत बसलेल्या शेजारणीला विचारतो, "माय काही म्हणे का?" शेजारीण म्हणते, "म्हणे." मग थांबते. मग म्हणते, "भाजीत मीठ कमी हाय म्हणे."

बस, एवढंच. पण ती मधे अशी थांबायची की तालमीला चहा घेऊन आलेला माणूससुद्धा किटली हातात धरून उभा राहायचा. "म्हणे" म्हणून ती दोन काड्या निवडायची, एक पिवळं पान बाजूला टाकायची, आणि मग मीठ. दिग्दर्शक डोळे मिटून घ्यायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, ही अभिनय करत नाहीये, ही घरी अशीच बोलते!

मला दिग्दर्शक म्हणायचे, "ताई, श्वास घ्या ना जी. वाक्यामागून वाक्य लोटून राहिल्या तुम्ही." काय करू? वर्षानुवर्षं वर्गावर उभी आहे मी. चाळीस पोरांसमोर क्षणभर थांबलं की मागच्या बाकावर बाजार भरतो. माझ्या बोलण्यात फट राहिलीच नाही कुठं.

तरी मी ठरवलं, आपणही थांबायचं. नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या प्रयोगात माझा फोनचा प्रवेश होता. मुलगा विचारतो, कशी आहेस, आणि आई म्हणते, "बरी आहे मी." मी रिसीव्हर कानाशी धरला आणि थांबले. मनात एक, दोन म्हणतेय. नाट्यगृह शांत. अहाहा, वाटलं, जमलं! तेवढ्यात विंगेतून खणखणीत आवाज आला, "बरी आहे मी!"

आमच्याकडे वेगळा प्रॉम्प्टर नसतो. ज्याचा प्रवेश नाही तो संहिता धरून विंगेत बसतो. माझ्या प्रवेशाला जाऊ बसली होती. पुढच्या दोन रांगा खुदकन हसल्या. आत आल्याबरोबर मी तिचा दंड धरला. "काहून वं? मुद्दाम केलं ना?"

"नाही वो ताई," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्ही कधी थांबतच नाही ना. मले वाटलं विसरल्या."

मी तिचा दंड सोडला. दिग्दर्शक पाठ वळवून हसत होते. तरीही नाटक अंतिम फेरीत गेलं, आणि कोणाच्या जिवावर गेलं ते सगळे मला ऐकू येईल असं एकमेकांना सांगत होते.

अंतिम फेरीचा प्रयोग. या वेळी फोनवर मी अजिबात थांबले नाही. तिसऱ्या प्रवेशात मेले, साडीचा पदर खोचला आणि शेवटच्या प्रवेशासाठी संहिता घेऊन विंगेत स्टुलावर बसले. मुलगा आला. त्यानं विचारलं, "माय काही म्हणे का?"

"म्हणे," जाऊ म्हणाली.

आणि तिचे हात थांबले.

प्रेक्षकांना त्यात काही कळायचं कारण नव्हतं. पण एका ओट्यावर वर्षं काढली आहेत आम्ही. ती मुद्दाम थांबते तेव्हा हात चालू असतात. खरंच विसरते तेव्हा हातातलं लाटणंसुद्धा अधांतरी राहतं. मेथीची काडी बोटांत तशीच होती. बाई विसरली होती!

"भाजीत मीठ" एवढंच द्यायचं होतं मला. जिभेवर होतं ते. दिलं नाही.

बस आता तशीच, म्हटलं मनात. कळू दे फजिती म्हणजे काय असते ते. जिवाला असं गार गार वाटत होतं मला. सभागृहात कोणी खोकत नव्हतं. मुलाचं काम करणारा पोरगा घाबरून तिच्याकडे बघत होता. मी बघत राहिले. मग तिनं मान जराशी माझ्याकडे वळवली. हात कणकेत असताना दूध उतू जायला लागलं की घरी ती अशीच बघते, आणि मी हातातलं टाकून गॅसकडे धावते. आताही तोंडातून निघून गेलं, "भाजीत मीठ."

"भाजीत मीठ कमी हाय म्हणे," ती म्हणाली. आवाज फाटला होता तिचा. पोरगा खराखुरा रडला. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

निकालाच्या दिवशी परीक्षक माइकवर म्हणाले, "त्या एका थांबण्यासाठी हे पदक." दुसरं काही नाही, फक्त तेच! आणि जाऊ पदर सावरत मंचावर चढली. मी टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत वाजवल्या. पण आत नुसती आग. अहो, ती कुठं थांबली होती? ती तर विसरून बसली होती! थांबले मी होते. आयुष्यात एकदाच मला बरोबर थांबता आलं, तेही विंगेत, अंधारात, स्टुलावर बसून, आणि पदक तिच्या गळ्यात. सांगू कोणाला? आणि सांगणार तरी काय, की मी तिला बुडू देत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोळ्या लाटत होती, मी भाजी फोडणीला घातली होती. पदक फ्रिजवर ठेवलं होतं, सासऱ्यांना येता-जाता दिसावं म्हणून.

"ताई," ती म्हणाली, "सावनेरले प्रयोग ठरला म्हणे. शेवटच्या प्रवेशाले विंगेत तुम्हीच बसाल ना…"

आणि पोळी उलटली. तिला पीठ लावलं. मी झारा धरून उभी.

"…आणि त्या दिवशी जेवढ्या थांबल्या होत्या ना, तेवढ्याच थांबा."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. लाटणं गोल फिरत होतं.

निदान तेव्हा तरी मी जरा थांबायचं होतं. पण माझ्या तोंडून लगेच निघालं, "बसते."