क्रेट उलटा केल्याशिवाय नाही

"काका, तुम्ही बाहेर बसा. हे सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल."

डहाणू स्टेशनजवळच्या एसी ऑफिसात, माझ्या मुलीदेखत, सर मला असं म्हणाला. अमेरिकेतली कॉलेजं निवडून देणारा माणूस. माझ्या बोटांना लागलेला चिकूचा चीक त्याने दोनदा पाहिला. मुलीचं काम होतं म्हणून उठलो. बाहेर चपलांशेजारी बसलो.

माझी आई नरपडच्या चिकूच्या वाड्यांत फळं तोडायची. मजुरीसाठी अशीच मालकाच्या पायरीखाली थांबायची. मी दहावी केली, चिकूचा व्यापारी झालो. क्रेट घेताना मी वरची फळं बघतच नाही. क्रेट उलटा करतो. वर मोठं फळ, खाली गोट्यांएवढी, हे मला पाठ आहे. लोक शिव्या देतात. देऊ देत.

तासाभराने सहीसाठी आत बोलावलं. टेबलावर दहा कॉलेजांची यादी. गुळगुळीत पुस्तिका. हिरवळीवर हसणारी पोरं.

"सगळी टॉप आहेत," सर म्हणाला.

"तुम्ही पाठवलेल्या एका तरी पोराशी फोनवर बोलू द्या."

"अहो, ही काय भाजी आहे?"

मी यादी उचलली. खाली मुलीचा अर्जासोबतचा निबंध होता, इंग्रजीत, स्वतःबद्दल लिहायचा.

"मराठीत सांग," मी तिला म्हणालो.

तिने मान खाली घातली. "माझे वडील निरक्षर आहेत. दारू पितात. मी झोपडीत दिव्याखाली शिकले..."

"हे तू लिहिलंस?"

"सरांनी बदललं, बाबा. मी तुमच्या क्रेट उलटा करण्यावर लिहिलं होतं."

सर हसला. "त्यावर कोण घेणार हिला? तिकडे दारुडा बाप चालतो. सीट पक्की."

मी दारूला कधी शिवलो नाही. मुलगी इथे येत होती ते दोन महिने हा दुसरा बाप माझ्या घरात वाढत होता आणि मला पत्ता नव्हता. कागद फाडला.

"बाबा, महिनाअखेर मुदत आहे. सरांशिवाय कसं होणार?"

"तुझा पहिला निबंध आहे ना? तोच जाईल."

आता रानशेतला, घरच्या ओट्यावर बसून, ती दहा नावांची यादी आम्हीच तपासतो. प्रत्येक कॉलेजला मुलगी माझा प्रश्न पाठवते: आमच्यासारख्या घरातली किती पोरं घेतलीत, किती मधेच परत गेली, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तरात नुसती पुस्तिका आली, की नावावर काट. सहा नावं गेली. चार उरलीत.

तीही जातील कदाचित. जाऊ देत. खोटा बाप दाखवून माझी मुलगी विमानात चढणार नाही. आणि चपलांशेजारी मी पुन्हा बसणार नाही.