सरावाची कॅसेट

आमच्या नांदेडच्या घरात दिवाणखान्याच्या एका भिंतीला काचेची शोकेस आहे. चारचौघांच्या शोकेसमध्ये ज्या वस्तू असतात, म्हणजे लग्नात आलेला लेमन सेट, बालाजीचा फोटो आणि लेकीला चित्रकलेत मिळालेली ढाल, त्या आमच्याकडे माळ्यावर आहेत. शोकेसमध्ये जुने व्हिडिओ गेम आहेत, त्यांच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी आहेत आणि एक प्लॅस्टिकची बंदूक आहे. ही बंदूक सपाट टीव्हीवर चालत नाही, तिला जुना डबा टीव्ही लागतो. म्हणून सगळं गाव डबा भंगारात घालून सपाट टीव्ही आणत होतं, तेव्हा मी भंगारवाल्याकडून डबा घेऊन ऑटोनं घरी आलो. बायको दारातच उभी होती. म्हणाली, "आता एक दगडी जातं तेवढं राहिलं. ते पण आणा."

हा छंद असलेल्या लोकांची एक जमात असते आणि मी त्या जमातीचा मानकरी आहे. लहानपणी कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. मोठेपणी ज्ञान झालं की फुंकरीबरोबर थुंकी जाते आणि आतल्या पट्ट्यांना गंज चढतो. तेव्हापासून मी काडीला कापूस लावून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पट्टी पुसतो. माझी स्वतःची एक दाढ तीन वर्षांपासून किडलेली आहे, तिच्याकडे बघायला वेळ होत नाही. सोमवार ते शनिवार मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दोनशे पोरांसमोर माईक लावून सांगतो की, मोबाईलमधल्या गेमनं तुमच्या पिढीचं वाटोळं केलं. पोरं माना डोलावतात, पालक तर हात जोडतात.

शोकेसच्या मधल्या खणात, अगदी नजरेसमोर, कीबोर्डच्या आकाराचं एक पांढरं यंत्र आहे. ते तिथे ठेवायचा हट्ट माझ्या वडिलांचा. ते यंत्र कॉम्प्युटर आहे अशी त्यांची समजूत होती. आणि तो कॉम्प्युटर छोटा पडला म्हणून आपला मुलगा डॉक्टर झाला नाही, अशीही त्यांची समजूत होती. पहिली समजूत दुकानदारानं करून दिली, दुसरी मी.

व्हिडिओ गेम मला दाखवला भूकंपानं. हे लिहिताना लाज वाटते, कारण औशाच्या पुढे गावंच्या गावं मातीखाली गेली होती. आमच्या लातूरच्या गल्लीचं मात्र भिंतींना भेगा पडण्यावर निभावलं. तरीही महिनाभर कोणी घरात पाऊल टाकेना. बाजा, गोधड्या, स्टोव्ह, सगळं रस्त्यावर आलं. प्रत्येक घरानं भूकंप ओळखायचं आपापलं यंत्र मांडलं होतं. पालथा तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन हलली की वाटी पडणार, वाटी वाजली की पळायचं. शास्त्रज्ञ लोक काय करायचे ते करोत, आमच्या गल्लीचा भरवसा वाटीवर होता.

शेजारच्या चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी बातम्यांसाठी एक टीव्ही ताडपत्रीखाली आणून ठेवला. दुरुस्तीला आलेला एक व्हिडिओ गेम दुकानात पडून होता, तोही चालतो का बघायला म्हणून त्यांनी जोडला. मग महिनाभर आम्ही तो चालतो का, हेच बघत होतो. रणगाड्यांचा खेळ होता. सगळ्या गल्लीत चाचींचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्टोव्हवर कालवण रटरटत असायचं आणि चाची पाटावर बसून पोरांच्या रणगाड्यांचा फडशा पाडायच्या. चुकून हरल्याच तर चाचांना म्हणायच्या, "मशीन खराब है जी, खोल के देखो."

एका संध्याकाळी मी त्यांना हरवलं आणि आनंदानं जागच्या जागी उडी मारली. शेजारच्या बाजेखालची वाटी खणकन पडली. कोणीतरी ओरडलं आणि अख्खी गल्ली लेकरंबाळं काखोटीला मारून शाळेच्या मैदानात पळाली. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर टाकलं आणि ते धावत सुटले. मी अकरा वर्षांचा होतो आणि चांगला वजनदार होतो. मैदानात पोचल्यावर त्यांना धाप लागून बोलता येईना. मी खरं सांगितलं नाही. गल्लीतली शहाणी मंडळी दुसऱ्या दिवशी त्या धक्क्याची बातमी पेपरात शोधत होती.

पुढे भिंतींच्या भेगा बुजल्या आणि गावाला दुसरं वेड लागलं. लातूरला शिकलं की पोरगं डॉक्टर होतं, असा बोभाटा सगळ्या महाराष्ट्रात झाला. जो तो गच्चीवर खोली चढवायला लागला. खोलीत बाहेरगावचं एक पोरगं आणि त्याला वेळेवर जेवू घालायला आलेली त्याची आई. भूकंपाच्या वेळी वर मजला बांधणार नाही म्हणून देवाची शपथ घेतलेल्यांनी दोन-दोन मजले चढवले. बारावीचं पोरगं ज्या घरात असेल तिथे सुतक पाळायची रीत पडली. केबल तोडायची. पाहुण्यांना बसस्टँडवरूनच वाटेला लावायचं. लग्नकार्याला आईबापांपैकी एकानंच जायचं. आमच्या आईनं तर कुकरची शिट्टी चिमट्यानं उचलून हळूहळू वाफ काढायची कला कमावली होती, का तर आवाजानं माझं लक्ष विचलित होऊ नये.

बाबा डाळमिलमध्ये काट्यावर होते. आलेली तूर, हरभरा तोलून घ्यायचा, एवढंच काम. शिक्षण सातवी. मी अकरावीला गेलो तेव्हा त्यांनी केबल तर तोडलीच, पण एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. एके दिवशी बाजारातून ते एक मोठं खोकं घेऊन आले. खोक्यावर चष्मेवाला गोरा मुलगा पुस्तकांच्या ढिगात बसला होता.

"कॉम्प्युटर हाय," बाबा म्हणाले. "दुकानदार म्हणला, टीव्हीला जोडला की अभ्यास शिकवतो. ही बघ, अभ्यासाची कॅसेट. आन् ही दुसरी त्यानं फुकट दिली."

अभ्यासाच्या कॅसेटमध्ये दोन आकडी बेरजा आणि इंग्रजी मुळाक्षरं होती. फुकटच्या कॅसेटमध्ये खेळ होते. मला दहा मिनिटांत सगळा उलगडा झाला. बाबा शेजारी उकिडवे बसून विचारत होते, "दुसरीत काय हाय रे?"

"पहिली धड्यांची," मी म्हणालो, "आणि ही सरावाची."

"मंग सराव जास्त कर," बाबा म्हणाले. "सरावाशिवाय काही न्हाई."

वडिलांची आज्ञा मी दोन वर्षं पाळली. असा आज्ञाधारक मुलगा गल्लीत दुसरा नव्हता. त्या दसऱ्याला बाबांनी कोयता, खुरपं आणि मिलमधलं एक माप यांच्या शेजारी कॉम्प्युटर मांडला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि नारळ फोडला. कुंकू बटणांच्या फटीत गेलं ते कायमचं. चाचा कौतुकानं बघायला आले होते. त्यांची सारी हयात टीव्हीच्या पोटात हात घालण्यात गेलेली. त्यांनी यंत्र उलटंपालटं केलं, माझ्याकडे बघितलं आणि बाबांना म्हणाले, "अच्छी चीज है भाई. बच्चे के काम की है." सरळ माणूस, पण शेजारधर्म म्हणून गप्प बसला.

दार लावून, आवाज बंद करून मी सराव करायचो. कोणी आलं की बाबा ओसरीवरूनच हात करायचे, "हळू बोला, आत कॉम्प्युटर चालू हाय." एकदा ते पाण्याचा तांब्या घेऊन आत आले. पडद्यावर एक बुटका माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत होता. मी घाबरलो, पण जीभ चालली. म्हणालो, "फिजिक्स आहे. वर फेकलेली वस्तू कुठे पडते, ते." बाबा तांब्या हातात धरून अदबीनं उभे राहिले. बुटका खड्ड्यात पडला.

"पडला का रे?"

"हो. परत पहिल्यापासून करावं लागतं."

"कर कर. हिंमत सोडू नगं."

तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. हा किस्सा पुढे नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर मी कितीतरी वेळा रंगवून सांगितला आणि दर वेळी पोरं हसून लोळली.

बारावीचा निकाल लागला आणि माझं मेडिकल हुकलं. थोडक्यात हुकलं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, थोडक्यात नव्हतं. घरात कोणी जेवलं नाही. बाबांनी मला एकच विचारलं, आणि तेही रागानं नाही. "काय कमी पडलं रे?"

तेवढ्या एका प्रश्नाला मी खरं उत्तर द्यायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "कॉम्प्युटर छोटा पडला. क्लासमधल्या बाकीच्यांकडे मोठे होते."

क्लासमधल्या एकाकडेही कसलाच कॉम्प्युटर नव्हता. पण बाबांनी मान डोलावली, जणू त्यांना हेच वाटत होतं. आईनं मात्र ते वाक्य पदरात बांधून ठेवलं. कोणाचा मुलगा डॉक्टर झाला, कोणाच्या दवाखान्याचं उद्घाटन झालं, की ती चार बायकांत बोलायची, "आमचं पोरगं काय कमी हुशार होतं? ऐन वेळी यांनी हात आखडता घेतला." बाबा समोर असले तर खाली बघायचे आणि म्हणायचे, "व्हय, चुकलंच माझं. मोठा घ्यायला पाहिजे होता." हे मी माझ्या लग्नात ऐकलं, लेकीच्या बारशात ऐकलं. दर वेळी वाटायचं, आता सांगून टाकावं. मग वाटायचं, जाऊ दे, जुनी गोष्ट. मी असा सोयीनं विसरणारा माणूस आहे.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे नांदेडला आले. येताना एका पिशवीत दोन धोतरं होती आणि दुसरीत तो कॉम्प्युटर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. शोकेस बघून त्यांना माझ्या छंदाबद्दल आदर वाटला. त्यांच्या हिशेबी मी कॉम्प्युटर गोळा करत होतो. "ह्यो पण ठेव," ते म्हणाले. "छोटा हाय, पण ठेव." मी ठेवला. आलेल्या लोकांना तो दाखवून डोळा मारायची मला सवय लागली.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी लातूरचा एक डोळ्यांचा डॉक्टर संग्रह बघायला आला. माझ्याच वयाचा, आमच्याच जमातीतला. हातमोजे घालून आला होता. बाबा खुर्चीवर बसून चहा पीत होते. त्यानं बंदूक बघितली, डबा टीव्ही बघितला, मग मधल्या खणाशी थांबला आणि एकदम लहान मुलासारखा ओरडला, "अरे, हा! हा तर आमच्याकडे पण होता! अकरावीत घेतला होता वडिलांनी."

बाबांनी बशी खाली ठेवली. "ह्योच?"

"हाच काका."

"एवढाच? का याच्याहून मोठा?"

"एवढाच. मोठा निघालाच नव्हता."

"आन् तुम्ही डॉक्टर झालात."

"झालो कसाबसा," तो हसत म्हणाला. "पण यानं नाही हं काका. हा कॉम्प्युटर कुठला, गेम होता नुसता. सुट्टीत खेळायचो. बारावीला आमच्या आईनं उचलून ट्रंकेत टाकला."

मी मध्येच म्हणालो, "अजून चहा टाकायला सांगतो." दोनशे पोरांना दोन-दोन तास पाठ सांगणाऱ्या माझ्या तोंडून एवढंच निघालं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"मंग सराव?" त्यांनी विचारलं.

"खेळत होतो, बाबा."

"आन् छोटा पडला म्हणला होतास, ते?"

"खोटं बोललो होतो."

मला वाटलं, आता शिवी येईल. यावी असंही वाटलं. पण बाबांचा चेहरा सैल झाला. कितीतरी वर्षांत मी त्यांना असं टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. माझ्याकडे न बघता ते डॉक्टरला म्हणाले, "म्हंजी माझ्यानं काही कमी पडलं न्हवतं."

डॉक्टरला काहीच कळलं नाही. तो बिचारा "नाही, नाही काका" म्हणत राहिला. होस्टेलवर मी ज्या माणसावर पोरांना हसवलं होतं, तो माणूस माझ्या घरात, माझ्या शोकेससमोर, एका परक्याकडून स्वतःची सुटका ऐकत होता. मला स्वतःची किळस आली.

मग बाबा माझ्याकडे वळले. "तुझी आई जाईस्तोवर मला त्याच्यावरून बोलत राहिली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तिला तेवढं तरी सांगाया पाहिजे होतंस तू."

एवढं बोलून ते डॉक्टरला चिवडा घ्या, चिवडा घ्या म्हणून आग्रह करायला लागले.